पुरातली आरडी, दोन कार्ब्युरेटर आणि न मिळणारी सीलं

थोरल्या मामांची राजदूत ३५० मोटरसायकल, म्हणजेच आरडी, फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी आरटीओतून पास होऊन आली. डिसेंबरात तिचे कार्ब्युरेटर उघडले तेव्हा रबराच्या दहा-बारा तुकड्यांसाठी दोन महिने, दोन शहरं आणि एक परदेशी पार्सल लागेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवसांत मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं तारखांसकट लिहून ठेवते. ज्यांच्या घरी आरडी, येझदी किंवा आरएक्स शंभर झाकून उभी आहे त्यांच्या कामाला येईल.

गाडी २८ मार्च १९८९ ला नोंदलेली. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून यामाहाची आरडी ३५० आपल्याकडे राजदूत नावाने काढली, त्यातल्या शेवटच्या शेवटच्या गाड्यांपैकी ही. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. मामांचं घर शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडजवळ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाडी शेडमध्ये टाकीपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मामांनी ती धुतली, पुसली आणि ताडपत्री टाकली. नंतर त्यांचे गुडघे गेले. २०२३ मध्ये मी गाडी कोल्हापूरला आणली. उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी इंजिन पूर्ण उघडून क्रँक, बेअरिंग, क्रँकची ऑइल सीलं सगळं नवं केलं. कार्ब्युरेटर मात्र त्यांनी वरवर धुऊन बसवले होते आणि तसं स्पष्ट सांगितलंही होतं.

१० डिसेंबर २०२३, रविवार. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. पण रेस दिली आणि सोडली, तर आवाज खाली येईना. इंजिन आपलं आपण ओरडत राहिलं. किल्ली बंद केल्यावरच गप्प झालं. मेस्त्री म्हणाले, "कुठनं तरी हवा वढतीया बघा ताई. अशी फिरवू नका, पिस्टन धरंल."

नवख्यांसाठी इथे थोडं थांबते. कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण ठरलेलं असतं. एखाद्या सीलमधून, जॉइंटमधून जास्तीची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त तापतं आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन सिलिंडरला चिकटतो. म्हणजे पाच रुपयांच्या रबरापायी हजारोंचं काम. गाडी रेस सोडल्यावर खाली येत नसेल तर स्लोचा स्क्रू फिरवून ती खाली आणू नका. आवाज खाली येतो, भोक तसंच राहतं.

हवा कुठून शिरते ते शोधायला मी इस्त्री करताना वापरतात ती पाण्याच्या फवाऱ्याची बाटली घेतली. बरेच जण पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारतात, पण तापल्या इंजिनावर मला ते धोक्याचं वाटतं. उजवा कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरी जॉइंटवर पाणी पडलं की आवाज किंचित बदलायचा. चोकची रबरी नळी डाव्या कार्ब्युरेटरकडून उजवीकडे जाते, तिच्यावर मारलं तर आणखी स्पष्ट. भोकं एकाहून जास्त होती.

१७ डिसेंबरला दोन्ही कार्ब्युरेटर काढले. हात लावायच्या आधी दोन गोष्टी करा. जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकापेक्षा थोडे वेगळे असतात. नेहमीचं टोक खाचेत तळापर्यंत बसत नाही, सटकतं आणि डोकं गोल करून टाकतं. जपानी मापाचे दोन स्क्रू ड्रायव्हर मला ९०० रुपयांना पडले आणि बाऊलचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीचा, एकही स्क्रू खराब झाला नाही. दुसरं म्हणजे डाव्याचं डाव्या डब्यात, उजव्याचं उजव्या डब्यात. झाकणावर नाव लिहून.

उजव्या बाऊलमध्ये पुराचा गाळ होता, पीठ चाळल्यासारखा बारीक, तळाशी बसलेला. चार वर्षांनंतरही त्याला तोच वास होता, जो त्या ऑगस्टमध्ये घरातल्या गाद्यांना येत होता. मी काही वेळ तो बाऊल हातात घेऊन नुसती बसले होते. बाऊलच्या जोडातलं रबरी गॅस्केट पापडासारखं कडक, नखाने उचलताना तुकडे पडले. चोकच्या पिस्टनच्या टोकाला रबराची चकती असते, तिच्यावर खोल वर्तुळ उमटलेलं. पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीची तोटी, टाकीला जिथे बसतो तिथली ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, पूर्ण चपटी. इंजिनाकडचे दोन्ही रबरी जॉइंट बाहेरून ठीक दिसत होते, पण वाकवल्यावर आतून भेगा उघडल्या.

धातूचे भाग गुजरीतल्या एका सराफाच्या ओळखीने दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात घालून आणले. दोनदा वीस-वीस मिनिटं, ३०० रुपये. त्यात घालण्याआधी रबराचा प्रत्येक कण काढायचा.

आता सीलं. पहिली चूक मी इथे केली. बाजारात या गाडीचा तयार कार्ब्युरेटर किट मिळतो, मला ३५० रुपयांना एक पडला. दोन घेतले आणि कॉकसाठी सुटी ओ-रिंग. २४ डिसेंबरला सगळं जोडलं, गाडी आधीपेक्षा बरी चालली. २७ तारखेला सकाळी गाडीखाली पेट्रोलचा डाग. उजवा बाऊल उघडला तर तीन दिवसांपूर्वी बसवलेलं गॅस्केट फुगून लांब झालं होतं, परत जागेवर बसेना, बोटभर जास्तीचं बाहेर राहत होतं. कॉकची नवी ओ-रिंगही मऊ, तेलकट. मी शिरोलीच्या एमआयडीसीत मशीनिंगच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. रोज लोकांचे पार्ट मापात नाहीत म्हणून परत पाठवते. आणि स्वतःच्या कामात माप न घेता, कशाचं रबर आहे ते न विचारता पाकीट फोडलं होतं. त्या दिवशी ठरवलं की इथून पुढे एकही रबर मोजल्याशिवाय गाडीत जाणार नाही.

६ जानेवारीला पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे या प्रवासाचा खर्च टोचला नाही. नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. सात दुकानांत विचारलं. पाच ठिकाणी तोच किट, वेगळ्या पाकिटात. सहाव्या ठिकाणी रबरी जॉइंटची जोडी ४५० रुपयांना दाखवली. मी बोटाने आतला व्यास चाचपला, दोन्ही तोंडं सारखी नव्हती. ठेवून दिली.

सातव्या दुकानातल्या वयस्कर काकांनी मला खरं शिकवलं. मी पार्ट बुकची झेरॉक्स काढून दाखवली, तसे ते म्हणाले, "ताई, गाडीचं नाव घेऊन फिरू नका. नंबर वाचायला शिका." यामाहाच्या भागाच्या नंबरात पहिले तीन आकडे किंवा अक्षरं म्हणजे तो भाग पहिल्यांदा ज्या मॉडेलसाठी काढला ते मॉडेल. मधले पाच आकडे म्हणजे भागाचा प्रकार. त्यामुळे पहिले तीन वेगळे दिसले तरी घाबरायचं नाही, कंपनीने एकाचा भाग दुसऱ्याला वापरलेला असतो. आणि ओ-रिंगांचा नंबर ९३२१० ने सुरू होतो. तो मॉडेलचा नसतोच, प्रमाणित मालाचा असतो. पुढचे दोन आकडे सहसा आतल्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. म्हणजे आरडी बंद झाली म्हणून तिची ओ-रिंग बंद झाली असं नाही. तीच रिंग दुसऱ्या कुठल्यातरी चालू गाडीत असू शकते. काकांनी चहा पाजला, विकायला काही नव्हतं म्हणून पैसे घेतले नाहीत.

येताना एसटीत वही काढून सगळ्या रबरांचे तीन गट केले. नंबर असलेले आणि अजून बनणारे. नंबर असलेले पण आता न बनणारे. आणि नंबरच नसलेले. तिसरा गट सगळ्यात त्रासाचा. चोकच्या पिस्टनच्या टोकाची चकती पार्ट बुकात सुटी दाखवलेलीच नाही, अख्खा पिस्टन एक भाग म्हणून आहे. माझा कॉकही तसाच. तो आधी कुणीतरी बदललेला होता, त्यामुळे पुस्तकातली रिंग त्याला लागू नव्हती.

पहिल्या दोन गटांपैकी बाऊलची गॅस्केटं, फ्लोटच्या सुया (बाऊलमधला फ्लोट तरंगत वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या) सीटसकट आणि रबरी जॉइंट जपानमधल्या एका जुन्या मालाच्या विक्रेत्याकडे मिळाले. ८ जानेवारीला मागवले. मालाचे ४,८०० रुपये, पोस्टेज १,६५०. आकडा बघून रात्रभर झोप लागली नाही, पण जॉइंटच्या बाबतीत मला दुसरा भरवशाचा मार्ग दिसत नव्हता.

त्याच आठवड्यात रबराची परीक्षा घ्यायची ठरवली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं आपल्याकडे २००३ पासून सुरू आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. १९८९ च्या गाडीचं रबर ठरवताना हे कुणाच्या मनात असणं शक्य नव्हतं. मामांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा ऊस दरवर्षी कारखान्याला जातो. मग म्हणाले, "बघ की मग कंचं रबर टिकतंय ते. ऊस काय आता थांबायचा न्हाई." मलाही तसंच वाटतं. दोष इथेनॉलवर ढकलून उपयोग नाही, आज पंपावर जे मिळतं त्याला पुरणारं रबर शोधलं पाहिजे.

७ ते १४ जानेवारी, लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून माझ्या स्कूटरच्या टाकीतून थोडं काढलं. बरण्या घरात नाही, पत्र्याच्या शेडमध्ये, सावलीत, झाकण घट्ट लावून. एकीत कॉकसाठी घेतलेली ती सुटी ओ-रिंग, दुसरीत कारखान्याच्या स्टोअरमधून मागून घेतलेली नाइट्राइल रबराची, तिसरीत वायटन नावाच्या रबराची. आधी प्रत्येकीची जाडी मोजून लिहिली. सात दिवसांनी बाहेर काढून लगेच, वाळायच्या आत, परत मोजली. कॉकची रिंग ३.० ची ३.४ झाली होती आणि बोटात दाबली तर भिजल्या बिस्किटासारखी वाटत होती. नाइट्राइल २.४ ची २.५. वायटनमध्ये माझ्या व्हर्निअरला, म्हणजे जाडी मोजायच्या मापकाला, फरक दिसला नाही. वाळल्यावर मोजू नका. फुगलेलं रबर वाळून परत आकसतं आणि फसवतं.

नाइट्राइल वाईट नाही. रोज चालणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीचं नाइट्राइल पुरतं, असं मला या बरण्यांवरून वाटलं. पण मामांची गाडी आठवडे-आठवडे उभी राहणार, म्हणून मी वायटन घ्यायचं ठरवलं. एक इशारा: ब्रेकच्या सामानातलं ईपीडीएम रबर दिसायला अगदी सारखं असतं, पेट्रोलमध्ये ते टिकत नाही. डब्यात पडलेली काळी रिंग मापात बसली म्हणून वापरू नका.

आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट. जुनी रिंग मोजून नवी आणू नका. जुनी रिंग चपटी झालेली, फुगलेली किंवा आकसलेली असते. ती आज जे माप सांगते ते तिचं मूळ माप नव्हे. रिंग ज्यात बसते ती धातूची खाच बदलत नाही. खाच मोजा.

माझ्या कॉकच्या तोंडावरची खाच साफ करून मोजली. खोली १.८ मिलिमीटर. ओ-रिंग खाचेतून थोडी वर राहिली पाहिजे, म्हणजे दाबल्यावर ती सील धरते. स्थिर जोडात साधारण १५ ते ३० टक्के दाब बसावा असा ढोबळ नियम. २.४ जाडीची रिंग १.८ खोलीत म्हणजे २५ टक्के. बरोबर. बाजारातून आणलेली ३ मिलिमीटरची होती. तिला ४० टक्के दाबावं लागत होतं. म्हणून मी स्क्रू आवळत गेले, कॉकचा फ्लँज, म्हणजे टाकीला टेकणारी त्याची पट्टी, दोन्ही कानांकडे वाकला आणि मध्ये फट पडली. गळायला लागल्यावर आणखी आवळलं, आणखी वाकला. फ्लँज काचेवर ठेवला तर तो मधोमध उचललेला स्पष्ट दिसला. काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवून, आठच्या आकड्यात हात फिरवत, पाऊण तासात सपाट केला. मग खाच परत मोजली, कारण घासल्यावर खोली कमी होते. १.७५ भरली. चालण्यासारखं.

मापांच्या दोन पद्धती आहेत आणि दुकानात त्या मिसळलेल्या असतात. जपानी मापांत पी मालिका असते: पी ३ ते पी १० पर्यंत जाडी १.९, पी १०ए ते पी २२ पर्यंत २.४, त्यापुढे पी २२ए ते पी ५० पर्यंत ३.५. अमेरिकन इंची मालिकेत जाडी १.७८, २.६२, ३.५३ अशी जाते. १.९ च्या जागी १.७८ दिली तर डोळ्यांना कळत नाही, दाब मात्र कमी होतो. दुकानात जाताना व्हर्निअर सोबत न्या आणि घेतलेली प्रत्येक रिंग तिथेच मोजा. कुणाला राग येत नाही, उलट माणूस मापाचा आहे म्हटल्यावर माल नीट दाखवतात.

१९ जानेवारीच्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली, सकाळी सीएसएमटी. नागदेवी स्ट्रीट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बेअरिंग, सीलं, नट-बोल्ट, हत्यारं यांची ही पेठ. दुकानं उघडेपर्यंत साडेदहा वाजले. पहिल्या दुकानात सवयीने तोंडातून गेलंच, "आरडीच्या कार्ब्युरेटरला..." काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "गाडी नको मॅडम, साइज बोला." वही उघडली. "पी २०, वायटन, सत्तर शोअर, चार नग." (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप.) त्याने मागे न बघता खण ओढला. इतके दिवस जी रिंग न मिळणारी वाटत होती ती चाळीस सेकंदांत समोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ड्रेन बोल्टच्या रिंगा पी ८ निघाल्या. या माझ्या गाडीच्या मापांवर जाऊ नका, तुमच्या गाडीवर आधी कुणी काय बदललंय ते तुमची खाचच सांगेल. वायटनच्या रिंगा मापाप्रमाणे १५ ते २५ रुपयांना एक पडल्या. काही दुकानं दहापेक्षा कमी देत नाहीत. तिथे वाद न घालता पुढच्या दुकानात विचारलं तर सुट्या मिळतात. एका ठिकाणी तपकिरी रिंग वायटन म्हणून दाखवली. ती हातात फारच हलकी लागली आणि चिमटीत सहज ताणली जात होती. सिलिकॉनही तपकिरी, लालसर मिळतं आणि पेट्रोलमध्ये प्रचंड फुगतं. रंगावरून काहीच ठरत नाही, वायटन काळंही असतं. वायटन इतर रबरांपेक्षा जाणवण्याइतकं जड असतं, ही खूण त्यातल्या त्यात बरी. काही जण काडी पेटवून जाळून बघतात. वायटन जळताना निघणारा धूर विषारी असतो, ते कधीच करू नका.

चोकच्या चकतीसाठी दोन मिलिमीटर जाडीच्या वायटनच्या शीटचा तळहाताएवढा तुकडा मिळाला, २०० रुपये. सगळं मिळून ६४० रुपये झाले. परतीची गाडी रात्रीची होती, तोवर स्टेशनवर बसून प्रत्येक माप वेगळ्या पुडीत घालून वर नाव, तारीख, माल लिहिला.

पार्सलचं लिहायचं राहिलं. १८ जानेवारीला ट्रॅकिंगवर ते कस्टममध्ये अडकलेलं दिसलं. दोन दिवसांनी ओळखपत्र आणि बिल मागणारा संदेश आला. मी आधारची प्रत पाठवली. ती परत आली, कारण बिलावर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. विक्रेत्याकडून दुरुस्त बिल मागवलं, त्यात चार दिवस गेले. मागवतानाच आपलं नाव ओळखपत्रावर आहे अक्षरशः तसंच लिहा आणि बिलावर प्रत्येक भागाचं वर्णन व किंमत वेगळी मागा. १,९२० रुपये शुल्क भरून २ फेब्रुवारीला पार्सल हातात पडलं. जॉइंट उघडून हातात घेतले, वाकवले, नाकाशी धरले. नव्या रबराचा वास.

चकती कापणं हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं. कात्रीने गोल येत नाही, कडा फाटते. चप्पल लाइनमधल्या एका कारागिराकडे कातड्याला भोकं पाडायचे पंच असतात हे आठवलं. पिस्टनच्या टोकातला खळगा मोजून गेले, ते आजोबा म्हणाले, "रबर लाकडावर ठेवायचं न्हाई, कातड्यावर ठेवायचं." जाड कातड्यावर तुकडा ठेवून एकच ठोका. खळग्यापेक्षा किंचित मोठी चकती आली, दाबून बसवली, चिकटवायची गरज पडली नाही. चार चकत्या केल्या, त्यांनी वीस रुपये घेतले. चोकची नळी साध्या पेट्रोल पाइपातून कापली, तीही आठवडाभर बरणीत भिजवून पारखलेली.

४ फेब्रुवारीला जोडणी. इथे किटमधली दुसरी गफलत लक्षात आली. फ्लोटच्या सुईच्या सीटखाली एक वॉशर असतो. जुना १ मिलिमीटरचा, किटमधला जवळपास निम्मा. वॉशर पातळ झाला की सीट वर चढते, सुई उशिरा बंद होते आणि बाऊलमधली पेट्रोलची पातळी वाढते. म्हणजे डिसेंबरातल्या गळतीला गॅस्केट एकटं जबाबदार नव्हतं. आता जपानहून आलेले वॉशर घातले आणि तरीही दोन्ही फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजून घेतली. नव्या ओ-रिंगांना बसवताना टू-स्ट्रोक ऑइलचं बोट लावलं. कोरडी रिंग पिळवटते.

कार्ब्युरेटर चढवण्याआधी इंजिनाची हवा धरते का ते बघायचं होतं. टू-स्ट्रोकवाल्यांची जुनी परीक्षा आहे: साधारण ६ पीएसआय दाब द्यायचा आणि तो सहा मिनिटं टिकला पाहिजे. त्यासाठी मी ६५० रुपयांचं रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. त्याचा काटा ३०० पर्यंत (पाऱ्याचे मिलिमीटर) जातो, म्हणजे ६ पीएसआयला थोडंसंच कमी. नवे जॉइंट इंजिनावर कसले, त्यांच्या तोंडात रबरी बुचं, सायलेन्सरच्या बाजूची दोन्ही भोकं ट्यूबचं रबर आणि पट्टी लावून बंद, एक प्लग जागेवर आणि दुसऱ्याच्या भोकातून हवा. पहिल्यांदा काटा मिनिटभरात शून्यावर. पोटात गोळा आला, क्रँकची सीलं गेली असं वाटलं. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे माझ्याच ट्यूबच्या पट्टीखालून येत होते. पट्टी नीट कसली. सहा मिनिटांत ३०० वरून २९२. मेस्त्री शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांनी काही न बोलता माझ्या खांद्यावर थाप दिली.

मग कार्ब्युरेटर चढवले, दुसऱ्या किकला गाडी लागली. रेस दिली, सोडली. आवाज लगेच खाली आला आणि स्लोवर ठोके पडायला लागले, तो आरडीचा ठण ठण ठण आवाज. मी परत दिली, परत सोडली. पाच-सहा वेळा.

नोंदणी २७ मार्चला संपत होती. जुन्या वाहनांच्या खास नोंदणीचे २०२१ चे नियम ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांनाच लागू आहेत, त्यामुळे आपल्या आरडीला नेहमीचंच नूतनीकरण: पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी. फॉर्म २५ मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांच्या आत भरता येतो. आधी तृतीय पक्षाचा विमा, मग पीयूसी, मग पोर्टलवर अर्ज आणि पर्यावरण कर. १२ फेब्रुवारीला अर्ज, २६ ची तारीख मिळाली. गाडी मामांच्या नावावर, म्हणून सही त्यांची. एक छोटी गोष्ट: चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो. पुराच्या गंजाने आमचा नंबर अस्पष्ट होता. घासू नका, सॅंडपेपर तर मुळीच नको, नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो. डिझेलच्या फडक्याने दोन दिवस भिजवून पुसला, मग ठसा नीट उठला. निरीक्षकांनी गाडी चालू करायला सांगितली, दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले आणि सही केली. सगळं पाऊण तासात. रांगेत मात्र तीन तास.

सीलांपायी माझा एकूण खर्च, प्रवास सोडून, साडेअकरा हजारांच्या आसपास गेला. त्यात ज्या किटांनी गळती दिली त्यांचे ७०० रुपयेही आहेत. आज परत करायचं झालं तर सुरुवात व्हर्निअरने करेन, नागदेवीला आधी जाईन आणि जपानची ऑर्डर फक्त जॉइंट, गॅस्केटं आणि सुयांची देईन, जशी दिली. उरलेल्या रिंगांच्या पुड्या सीटखालच्या डब्यात आहेत, मापांचा कागदही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊलमधलं पेट्रोल काढून टाकते.

३ मार्चला, रविवारी, गाडी कुरुंदवाडला नेली. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वळणावर रेस सोडली तेव्हाच त्यांनी काठी टेकून उठायला सुरुवात केली. मी अंगणात गाडी उभी करून किल्ली फिरवली. ते सावकाश जवळ आले, वाकायला त्रास होत होता तरी वाकले, कॉक बंद केला आणि त्याच्या खालून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग सदऱ्याला पुसायची गरज नाही हे बघून मला दाखवलं.

"कोरडंय," म्हणाले.